एका फॉस्फेटची साक्ष

प्रस्तावना

पेशीनं कधी दुभंगायचं आणि कधी थांबायचं, हा निर्णय आपल्या शरीरात अखंड चालू असतो. आतड्याच्या अस्तरात, अस्थिमज्जेत, केसांच्या मुळाशी पेशी रोज दुभंगतात. मेंदूतल्या बहुतेक चेतापेशी एकदा थांबल्या की पुन्हा त्या वाटेला जात नाहीत. हा निर्णय अमलात आणणाऱ्या यंत्रणेच्या मध्यभागी सीडीके-१ नावाचं प्रथिन आहे. २९७ अमिनो आम्लांचं, साधारण ३४ किलोडाल्टन वजनाचं. पेशीतल्या हजारो प्रथिनांच्या गर्दीत ते रंगानं वा रूपानं वेगळं उठून दिसत नाही. तरीही ते केव्हा जागं होतं, कुठे जातं, कोण त्याला अडवून धरतं आणि कोण मोकळं करतं, हे आज बारकाव्यानं माहीत आहे. या माहितीतला फार मोठा वाटा एका साधनाचा आहे. ते साधन म्हणजे प्रतिपिंड, प्रयोगशाळेच्या रोजच्या बोलण्यातली अँटिबॉडी.

हे पुस्तक त्या साधनाबद्दल आहे. शोधांच्या कथा आपण आवडीनं सांगतो आणि ऐकतो. शोध ज्याच्या आधारानं लागला त्या साधनाची कथा मात्र बहुधा तळटीपेत राहते. पाठ्यपुस्तकात एक वाक्य असतं : ‘विभाजनाच्या सुरुवातीला सीडीके-१ सक्रिय होतं.’ या वाक्यामागे कुणीतरी मेम्ब्रेनवर उमटलेला एक काळा बँड पाहिलेला असतो आणि त्या बँडवर विश्वास टाकलेला असतो. हा विश्वास कशाच्या जोरावर टाकायचा? माझ्या मते पेशीजीवशास्त्र शिकणाऱ्यानं स्वतःला विचारायचा हा पहिला प्रश्न आहे, आणि या संग्रहातला प्रत्येक लेख आपापल्या बाजूनं त्यालाच भिडतो.

आधी पेशीचक्राचा नकाशा डोळ्यांसमोर हवा. वाल्थर फ्लेमिंग यांनी १८८२ साली पेशीविभाजनावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तोवर रंगवलेल्या पेशींमधली गुणसूत्रांची हालचाल त्यांनी बारकाईनं टिपलेली होती. पण विभाजनाचा थोडका काळ सोडला तर उरलेला वेळ पेशी काय करते, हे सूक्ष्मदर्शकातून कळत नव्हतं. १९५३ साली आल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क यांनी बाकल्याच्या मुळांना किरणोत्सारी फॉस्फरस देऊन दाखवलं की डीएनएची नक्कल दोन विभाजनांच्या मधल्या एका ठरावीक काळातच होते. तिथून चक्राचे चार टप्पे रूढ झाले. जी-१ मध्ये पेशी वाढते, एस मध्ये डीएनएची नक्कल होते, जी-२ मध्ये पुढची तयारी आणि तपासणी, आणि एम मध्ये प्रत्यक्ष विभाजन. टप्पे कळले. एका टप्प्यातून दुसऱ्यात पेशीला ढकलतं कोण, हे कळायला आणखी तीसेक वर्षं जावी लागली.

त्या उत्तराकडे तीन वाटांनी माणसं चालत आली. पहिली वाट यीस्टची. सिएटलमध्ये लीलँड हार्टवेल यांनी १९७० च्या आसपास बेकरीच्या यीस्टमधले असे उत्परिवर्ती वाण वेगळे काढले, जे तापमान वाढवलं की चक्राच्या एका ठरावीक जागी अडकून पडत. त्यांतलं सीडीसी-२८ हे जनुक चक्राच्या उंबरठ्यावरच लागतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. एडिनबरोमध्ये पॉल नर्स वेगळ्या प्रकारच्या यीस्टवर काम करत होते. त्यांना असे वाण सापडले, ज्यांच्या पेशी पुरेशा वाढण्याआधीच, जवळजवळ निम्म्या आकारात दुभंगत. ब्रेक सैल झाल्याची ती खूण होती. त्या शोधातून वी-१ आणि सीडीसी-२ ही दोन जनुकं पुढे आली. दुसरी वाट बेडकाच्या अंड्यांची. १९७१ साली योशिओ मासुई आणि क्लेमेंट मार्कर्ट यांनी परिपक्व अंड्यातला द्रव अपरिपक्व अंड्यात टोचला आणि ते अंडं परिपक्व होऊ लागलं. त्या द्रवात काहीतरी चालना देणारं होतं. तिसरी वाट समुद्री अर्चिनची. १९८२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या वूड्स होल इथे टिम हंट यांना फलित अंड्यांमध्ये एक प्रथिन दिसलं, जे हळूहळू साठत जाई आणि प्रत्येक विभाजनाच्या वेळी एकाएकी नाहीसं होई. ते सायक्लिन. १९८७ साली मेलनी ली आणि पॉल नर्स यांनी दाखवलं की यीस्टमधलं सीडीसी-२ बिघडलं असेल तर त्याच्या जागी माणसाचं जनुक काम भागवू शकतं. यीस्ट आणि माणूस यांच्यातलं उत्क्रांतीचं अंतर पाहता ही गोष्ट आजही थक्क करणारी आहे. हार्टवेल, हंट आणि नर्स यांना २००१ साली नोबेल मिळालं.

या तिन्ही वाटा एकाच जागी येऊन मिळतात, हे सिद्ध कसं झालं? इथेच अँटिबॉडी कथेत शिरते. १९८७ साली जूलिओ द्रायेत्ता आणि डेव्हिड बीच यांच्या गटानं यीस्टच्या सीडीसी-२ प्रथिनाविरुद्ध बनवलेल्या अँटिबॉडी माणसाच्या हेला पेशींच्या अर्कावर वापरल्या. तिथेही ३४ किलोडाल्टनचं प्रथिन पकडलं गेलं. १९८८ साली लोका, हेज आणि मॅलर यांनी बेडकाच्या अंड्यांमधला तो चालना देणारा घटक शुद्ध केला. त्यात मुख्यतः दोन प्रथिनं होती. त्यांतलं एक सीडीसी-२ च असावं, ही शंका अँटिबॉडीनं तपासली गेली. सीडीसी-२ मध्ये यीस्टपासून माणसापर्यंत न बदललेला अमिनो आम्लांचा एक लहानसा पट्टा आहे. प्रयोगशाळेत त्याला ‘पीस्टेअर’ म्हणतात. त्या पट्ट्याविरुद्ध बनवलेल्या अँटिबॉडीनं बेडकाच्या शुद्ध केलेल्या प्रथिनाला ओळखलं. वर्षानुवर्षं यीस्टवर आणि बेडकावर, वेगवेगळ्या भाषांत चाललेली संशोधनं एकाच प्रथिनाबद्दल बोलत होती, हे तेव्हा पक्कं झालं; तिसऱ्या वाटेवरचं सायक्लिन त्याच प्रथिनाचं जोडीदार ठरलं. पुढे सीडीसी-२ या प्रथिनाला सीडीके-१ हे नाव रूढ झालं.

सीडीके-१ हे कायनेज आहे. कायनेजचं काम एटीपीमधला एक फॉस्फेट गट उचलून दुसऱ्या प्रथिनावर चढवण्याचं. फॉस्फेट चढला की त्या प्रथिनाची घडण आणि वागणूक बदलते. २००२ साली माणसाच्या जनुकसंचातली कायनेजं मोजली गेली तेव्हा आकडा ५१८ निघाला. त्यांतलं सीडीके-१ एकट्यानं निष्क्रिय असतं. सायक्लिन त्याला येऊन मिळावं लागतं, त्याच्या १६१ व्या थ्रिओनिनवर फॉस्फेट चढावा लागतो आणि १४ व्या थ्रिओनिनवरचा व १५ व्या टायरोसिनवरचा फॉस्फेट उतरावा लागतो. हा १५ व्या जागेवरचा फॉस्फेट चढवतं वी-१, आणि तो उतरवतं सीडीसी-२५. १९८९ साली कॅथलीन गूल्ड आणि पॉल नर्स यांनी यीस्टमध्ये ते टायरोसिन बदलून तिथे फॉस्फेट चढूच शकणार नाही असं केलं. पेशी वेळेआधीच विभाजनात शिरल्या. डीएनए तुटला असेल तर दुरुस्ती होईपर्यंत माणसाची पेशी जी-२ मध्ये थांबते, ती मुख्यतः याच फॉस्फेटच्या जोरावर. एका टायरोसिनवर चढलेला एक फॉस्फेट अख्ख्या पेशीला थोपवून धरतो. हे पाहता येणं, मोजता येणं, ही गेल्या चाळीस वर्षांतली पेशीजीवशास्त्राची मोठी कमाई आहे असं मी मानतो.

आता साधनाची कुळकथा. १८९० साली एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवलं की धनुर्वाताच्या विषाला तोंड दिलेल्या प्राण्याचं सीरम दुसऱ्या प्राण्याला वाचवू शकतं. ही परंपरा महाराष्ट्राला अनोळखी नाही. परळच्या हाफकिन संस्थेत घोड्यांना सर्पविषाच्या अल्प मात्रा टोचून त्यांच्या रक्तातून सर्पदंशावरचं औषध बनवण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या झालं, आणि त्यानं खेड्यापाड्यांतली असंख्य माणसं वाचली. संशोधनासाठीची अँटिबॉडी याच तत्त्वावर उभी आहे. फरक हेतूचा : इथे प्राण्याच्या रोगप्रतिकारशक्तीकडून विषावर उतारा नको असतो, एखाद्या प्रथिनाची अचूक ओळख हवी असते.

अँटिबॉडी स्वतः एक प्रथिन आहे. तिची रचना उलगडल्याबद्दल रॉडनी पोर्टर आणि जेराल्ड एडलमन यांना १९७२ चं नोबेल मिळालं. तिच्या दोन बाहूंची टोकं समोरच्या प्रथिनाचा एक छोटासा तुकडा ओळखतात, बहुधा मोजक्या अमिनो आम्लांचा. त्या तुकड्याला एपिटोप म्हणतात. नवख्या वाचकानं हा मुद्दा पक्का धरून ठेवावा, कारण पुढच्या सगळ्या अडचणी आणि सगळी गंमत यातूनच निघते. अँटिबॉडी प्रथिन ओळखत नाही, प्रथिनाचा तुकडा ओळखते. तोच तुकडा दुसऱ्या प्रथिनात असेल तर ती तिथेही जाऊन चिकटेल.

या ओळखीचे उपयोग टप्प्याटप्प्यानं सापडत गेले. १९४१ साली अल्बर्ट कून्स यांनी अँटिबॉडीला चमकणारा रंग जोडला आणि प्रथिन पेशीत नेमकं कुठे आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली दाखवण्याची वाट खुली झाली. १९७९ साली हॅरी टोबिन आणि सहकाऱ्यांनी जेलवर वजनानुसार वेगळी झालेली प्रथिनं मेम्ब्रेनवर उतरवून तिथे अँटिबॉडीनं शोधायची रीत मांडली. ती आजचा वेस्टर्न ब्लॉट. अँटिबॉडी मण्यांवर बसवून पेशीच्या अर्कातून एकच प्रथिन खेचून काढायचं आणि त्याची ताकद मोजायची, ही तिसरी रीत. सीडीके-१ च्या बाबतीत खेचून काढलेल्या प्रथिनापुढे हिस्टोन एच-१ आणि किरणोत्सारी एटीपी ठेवत, आणि हिस्टोनवर किती फॉस्फेट चढला ते मोजत. पेशीचक्राचे सुरुवातीचे बरेचसे आलेख या रीतीनं काढलेले आहेत.

अँटिबॉडी बनवण्याच्या तीन परंपरा आहेत, आणि त्यांच्यातला वाद अजून मिटलेला नाही. सगळ्यांत जुनी पॉलिक्लोनल. सशाला प्रथिन टोचायचं, काही आठवड्यांनी रक्त घ्यायचं. त्या सीरममध्ये एकाच प्रथिनाचे वेगवेगळे तुकडे ओळखणाऱ्या अनेक अँटिबॉडी असतात, त्यामुळे सिग्नल ताकदीचा मिळतो. पण दोन सशांची सीरमं सारखी नसतात, आणि ससा गेला की ते सीरम कायमचं संपतं. १९७५ साली केंब्रिजमध्ये जॉर्ज कोलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी उंदराच्या अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशीचा कर्कपेशीशी संकर केला. ती संकरित पेशी एकाच प्रकारची अँटिबॉडी अखंड बनवत राहिली. ही मोनोक्लोनल परंपरा. त्यांच्या पद्धतीचं पेटंट घेतलं गेलं नाही, त्यामुळे ती जगभरच्या प्रयोगशाळांत झपाट्यानं पसरली. १९८४ चं नोबेल नील्स येर्ने यांच्यासह त्यांना मिळालं. पण संकरित पेशीही कधी मरतात, कधी बदलतात. म्हणून तिसरी, रीकॉम्बिनंट परंपरा आली. अँटिबॉडीचा जनुकीय क्रम वाचायचा, लिहून ठेवायचा आणि हवा तेव्हा पेशींकडून ती पुन्हा बनवून घ्यायची. जॉर्ज स्मिथ यांनी १९८५ साली मांडलेलं फेज डिस्प्ले आणि ग्रेगरी विंटर यांनी अँटिबॉडीसाठी केलेला त्याचा विकास यांना २०१८ साली नोबेलनं दाद मिळाली. क्रम एकदा लिहिलेला असला की तीच अँटिबॉडी पुण्यात बनवा की पॅरिसमध्ये, ती तीच राहते.

या तिन्ही परंपरांना छेद देणारा एक स्वतंत्र पंथ आहे, आणि या पुस्तकाचा जीव त्यात आहे. प्रथिन आहे की नाही, एवढ्यावर कायनेज समजत नाही. सीडीके-१ चं प्रमाण वाढत्या पेशीत चक्रभर फारसं बदलत नाही. बदलते ती त्याची अवस्था. म्हणून फॉस्फेट चढलेलं प्रथिनच ओळखेल, उतरलेलं ओळखणार नाही, अशी अँटिबॉडी लागते. १९८१ साली फॉस्फोटायरोसिन ओळखणारी पहिली अँटिबॉडी प्रसिद्ध झाली. १९८२ साली पॉल ग्रीनगार्ड यांच्या प्रयोगशाळेनं एकाच प्रथिनाच्या फॉस्फेटयुक्त आणि फॉस्फेटरहित रूपांत फरक करणारं सीरम बनवलं. पुढे कृती ठरून गेली. हव्या त्या जागी फॉस्फेट असलेला छोटा पेप्टाइड तयार करायचा, मोठ्या वाहक प्रथिनाला जोडून सशाला टोचायचा, आणि मिळालेल्या सीरममधून फॉस्फेट नसलेला पेप्टाइड ओळखणाऱ्या अँटिबॉडी कॉलमवर गाळून बाजूला काढायच्या. उरतात त्या फॉस्फेटच्या साक्षीदार.

साक्षीदार हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो, कारण साक्षीदाराची उलटतपासणी व्हावी लागते. ती कशी होते, ते सीडीके-१ च्या १५ व्या टायरोसिनवरच्या फॉस्फेटची अँटिबॉडी घेऊन जवळून पाहू.

पेशी बर्फावर फोडायच्या, आणि फोडतानाच बफरमध्ये सोडियम ऑर्थोव्हॅनेडेट आणि सोडियम फ्लुओराइड हवं. नाहीतर पेशीतलीच फॉस्फेटेज पाहता पाहता फॉस्फेट उतरवून टाकतात आणि आपण पुसली गेलेली खूण शोधत बसतो. जेल चालवायचा, प्रथिनं मेम्ब्रेनवर उतरवायची. मेम्ब्रेनच्या रिकाम्या जागा झाकण्यासाठी एरवी दूध पावडर चालते. इथे बीएसए, म्हणजे गाईच्या सीरममधलं अल्ब्युमिन, बरं, कारण दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फेटनं भरलेलं असतं. मग रात्रभर कोल्ड रूममध्ये चार अंशांवर अँटिबॉडी, सकाळी तिला ओळखणारी सेकंडरी अँटिबॉडी, आणि ३४ किलोडाल्टनच्या आसपास बँड. पण एकट्या बँडला अर्थ नसतो. शेजारच्या लेनमध्ये हायड्रॉक्सियुरियानं डीएनएच्या नकलेपाशी अडवलेल्या पेशी हव्यात, जिथे हा फॉस्फेट भरपूर असतो. दुसऱ्या लेनमध्ये नोकोडॅझोलनं विभाजनात अडकवलेल्या पेशी, जिथे तो जवळजवळ नसतो. तिसऱ्या लेनमध्ये अर्कावर आधी लॅम्डा फॉस्फेटेज चालवलेलं. तिथे बँड गेलाच पाहिजे. आणि त्याच नमुन्यांवर एकूण सीडीके-१ मोजणारी दुसरी अँटिबॉडी, म्हणजे प्रथिन कमी झालं की फक्त फॉस्फेट उतरला, हे कळेल.

इतकं करूनही दोन सापळे उरतात. पहिला जागेचा. सीडीके-१ आणि त्याच्याच कुळातलं सीडीके-२ यांचे अमिनो आम्लांचे क्रम एकाखाली एक लिहून पाहा. आठव्यापासून विसाव्यापर्यंतची तेरा अमिनो आम्लं दोन्हींत एकही अक्षर न बदलता सारखी आहेत, आणि १५ वं टायरोसिन नेमकं त्याच पट्ट्यात आहे. दोघांची वजनंही जवळजवळ सारखी. म्हणजे या अँटिबॉडीनं दाखवलेल्या बँडमध्ये सीडीके-२ चाही वाटा असू शकतो. पीस्टेअर पट्टाही दोघांत सारखाच, त्यामुळे ती प्रसिद्ध अँटिबॉडीही दोघांना पकडते. शेपटीकडे मात्र दोन्ही प्रथिनं साफ वेगळी आहेत. म्हणून शेपटी ओळखणाऱ्या अँटिबॉडीनं आधी सीडीके-१ एकटं खेचून काढायचं आणि मग त्यावर फॉस्फेटची अँटिबॉडी चालवायची. काम वाढतं, पण उत्तर कुणाचं आहे ते नक्की होतं.

दुसरा सापळा अर्थाचा. बहुतेक कायनेजांच्या बाबतीत फॉस्फेटचा गडद बँड म्हणजे जागं झालेलं कायनेज, अशी विद्यार्थ्याला सवय लागलेली असते. इथे उलट आहे : गडद बँड म्हणजे थोपवलेलं सीडीके-१. आणि बँड फिका असला म्हणून ते जागं आहे असंही ठरत नाही. जी-१ मधल्या पेशीत सायक्लिन-बी जवळजवळ नसतंच, तिथे हा फॉस्फेटही नसतो आणि कायनेजही निष्क्रिय असतं. अँटिबॉडी विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देते. प्रश्न अपुरा असेल तर तिचं खरं उत्तरही आपल्याला चुकीच्या निष्कर्षावर नेऊन सोडतं.

ही सावधगिरी का हवी, हे गेल्या दहा वर्षांनी दाखवून दिलं आहे. २०१५ साली अँड्र्यू ब्रॅडबरी आणि आन्द्रेआस प्लुक्थुन यांनी शंभराहून अधिक शास्त्रज्ञांच्या सह्यांनिशी ‘नेचर’मध्ये मागणी केली की संशोधनातल्या अँटिबॉडी त्यांच्या क्रमानुसार निश्चित केल्या जाव्यात. २०१६ साली माथियास उलेन आणि सहकाऱ्यांनी तपासणीचे पाच आधार मांडले : प्रथिनाचं जनुक काढून वा दाबून पाहणं, अँटिबॉडीवाचूनच्या पद्धतीशी ताळा, दोन स्वतंत्र अँटिबॉडींचा ताळा, खूण जोडलेल्या प्रथिनाशी ताळा, आणि खेचून काढलेल्या प्रथिनाची मास स्पेक्ट्रोमेट्री. २०२३ साली मॉन्ट्रिअलच्या वायकॅरॉस गटानं ६५ प्रथिनांवरच्या ६१४ अँटिबॉडी एकाच निकषावर, जनुक काढलेल्या पेशींशी तुलना करून तपासल्या. रीकॉम्बिनंट अँटिबॉडी सरासरीनं सरस ठरल्या. आणि तपासणीत नापास झालेल्या अँटिबॉडींवर आधारलेले शोधनिबंध प्रत्येक प्रथिनामागे सरासरी डझनभर निघाले. त्या निबंधांमागे कुणाची तरी पीएचडीची वर्षं होती, सार्वजनिक पैसा होता, प्राण्यांचे जीव होते. हे नुकसान टाळता येण्याजोगं होतं, म्हणून ते मला अधिक लागतं.

सीडीके-१ च्या बाबतीत तर तपासणीचा सर्वोत्तम निकषच हाती लागत नाही. जनुक काढून टाकलेली पेशी ही सर्वांत कडक कसोटी. पण सीडीके-१ वाचून पेशी दुभंगतच नाही. २००७ साली मारिआनो बार्बासिद यांच्या गटानं दाखवलं की उंदराच्या भ्रूणात चक्राची इतर कायनेजं काढली तरी सीडीके-१ बराच काळ गाडा ओढतं, पण ते गेलं तर पहिल्या काही विभाजनांपलीकडे वाढ होत नाही. म्हणून संशोधक दुसरे मार्ग शोधतात. आरएनए इंटरफिअरन्सनं प्रथिन थोड्या काळापुरतं कमी करतात. एफटी-२१० ही उंदराची पेशीमालिका वापरतात, जिच्यातलं हे प्रथिन तापमान वाढवल्यावर निकामी होतं. आणि सीडीके-२ नसलेले उंदीर जगतात, हे २००३ पासून ठाऊक असल्यामुळे त्यांच्या पेशी वापरून अँटिबॉडी चुकून सीडीके-२ पकडते का, ते पाहतात.

हा विषय आज महत्त्वाचा का, याचं उत्तर रुग्णालयात आहे. याच कुळातल्या सीडीके-४ आणि सीडीके-६ यांना रोखणारी औषधं, २०१५ साली अमेरिकेत मंजूर झालेलं पाल्बोसिक्लिब आणि २०१७ मधली रायबोसिक्लिब व अबेमासिक्लिब, आज स्तनाच्या कर्करोगाच्या एका मोठ्या गटात उपचाराचा भाग आहेत. वी-१ ला रोखणाऱ्या औषधांच्या चाचण्यांमध्ये औषध लक्ष्यावर पोहोचलं का, हे सीडीके-१ च्या १५ व्या टायरोसिनवरचा फॉस्फेट कमी झाला का यावरून पाहिलं गेलं. म्हणजे याच अँटिबॉडीच्या साक्षीवरून. दुभंगणाऱ्या पेशी दाखवणारी केआय-६७ ही १९८३ साली कील इथे वर्णिलेली अँटिबॉडी पॅथॉलॉजिस्टच्या रोजच्या कामात आहे. २०२१ साली अबेमासिक्लिबच्या एका मंजुरीत रुग्णाचा केआय-६७ चा आकडा किमान २० टक्के असण्याची अट होती. २०२३ साली ती अट काढली गेली. अँटिबॉडीनं रंगलेल्या पेशींच्या मोजणीवर एखाद्या बाईला औषध मिळणं अवलंबून होतं, ही बाब साधन नीट तपासण्याचं महत्त्व पुरेसं सांगते.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. भारतीय स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग सर्वाधिक आढळतो. तालुक्याच्या गावी शस्त्रक्रिया होते आणि गाठीचा तुकडा तपासणीसाठी मोठ्या शहरात येतो. तो फॉर्मॅलिनमध्ये पडायला उशीर झाला तर फॉस्फेटच्या खुणा पहिल्यांदा पुसल्या जातात. तिथली अँटिबॉडी कितीही चांगली असो, नमुना वेळेवर आणि नीट ठेवला नसेल तर तिची साक्ष खोटी पडते. हे प्रयोगशाळेतल्या माणसाइतकंच शस्त्रक्रियागृहातल्या परिचारिकेला आणि वॉर्डबॉयला ठाऊक असायला हवं, म्हणूनही हे पुस्तक मराठीत हवं होतं.

आपला वारसा छोटा नाही. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. वसंत खानोलकर यांनी कर्कपेशींच्या अभ्यासाची घडी बसवली. त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. कमल रणदिवे यांनी तिथेच देशातली पेशीसंवर्धनाची पहिली प्रयोगशाळा उभारली. पुण्यात विद्यापीठाच्या आवारातलं राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र संशोधकांना पेशीमालिका पुरवतं, आणि खारघरचं अ‍ॅक्ट्रेक कर्करोगाच्या संशोधनाला रुग्णसेवेशी जोडतं. तरी यांपैकी बहुतेक ठिकाणच्या फ्रीझरमधल्या अँटिबॉडी बाहेरून विकत आणलेल्या असतात. शंभर मायक्रोलिटरच्या कुपीला हजारो रुपये पडतात, आणि ती बर्फ वितळण्याआधी पोहोचावी लागते. क्रम खुला असलेल्या रीकॉम्बिनंट अँटिबॉडी इथे, आपल्या विद्यापीठांत बनवणं आता शक्य आहे. ते व्हावं ही माझी मनापासूनची इच्छा आहे, आणि ते करणाऱ्या पिढीच्या हाती हे पुस्तक पडावं.

या संग्रहातले लेखक प्रयोगशाळेत हात गुंतलेले आहेत : कुणी ब्लॉट चालवतं, कुणी स्लाइड वाचतं, कुणी वर्गात शिकवतं. त्यांनी एकच अँटिबॉडी मध्यभागी ठेवून तिच्या जन्मापासून तिच्या निष्कर्षापर्यंतचा प्रवास मांडायचं ठरवलं, हे मला फार योग्य वाटतं. विषय रुंद करण्याचा मोह त्यांनी आवरला. त्यामुळे कृतींचा संग्रह म्हणून हे पुस्तक अपुरं वाटेल; तो त्याचा हेतूही नाही. एक साधन पूर्णपणे ओळखलं की दुसऱ्या कुठल्याही साधनाला काय विचारायचं ते कळतं, या भरवशावर ते उभं आहे. बारावीच्या जीवशास्त्राचा पाया असलेल्या कुणालाही ते वाचता येईल. संशोधनात असलेल्यांनी त्यातल्या फसलेल्या ब्लॉटच्या चित्रांवर अधिक वेळ घालवावा. सुबक चित्रं छापलेली सगळीकडे मिळतात, फसलेली क्वचितच.

वाचकांना एक विनंती करून थांबतो. पुढच्या वेळी शोधनिबंधात सीडीके-१ चा बँड दिसला की तीन प्रश्न विचारा. अँटिबॉडी प्रथिनाच्या कोणत्या तुकड्याविरुद्ध आहे? सीडीके-२ वेगळं कसं केलं? फॉस्फेट उतरवून पाहिलं का? उत्तरं तिथे असतील तर निष्कर्षाकडे वळा. नसतील तर लेखकांना पत्र लिहून विचारा, आणि तुम्ही स्वतः निबंध लिहाल तेव्हा ती उत्तरं न विचारता द्या.